काही नाही, घरीच असते

बेळ्ळंदूर, बेंगळूरु
१३ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

नमस्कार. हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, घरातले सगळे धडधाकट आहेत. आमच्या कंपनीने, म्हणजे समृद्धीमेट्रिक्सने, यंदा मनःस्वास्थ्याचा उपक्रम काढलाय. दर महिन्याला घरच्या एका माणसाला हाताने पत्र लिहायचं, त्याचा फोटो ॲपवर टाकायचा, की पन्नास पॉइंट. अडीचशे झाले की योगासनाची चटई मिळते. आईला लिहिलं असतं, पण तिने लगेच फोन करून तासभर उलटतपासणी घेतली असती. म्हणून तू.

एकाच शहरात राहून येत नाही म्हणून तू रागावली असशील. गेल्या रविवारी खरंच निघालो होतो. सिल्क बोर्डच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत सव्वा तास अडकून राहिलो आणि तिथूनच तुला मनातल्या मनात नमस्कार करून परत फिरलो.

आता कामाचं. इथे बायकांना बस फुकट झाली, घरच्या बाईला महिन्याला दोन हजार मिळू लागले. या फुकटामुळे बायका काम करेनाशा झाल्यात का, याचा अभ्यास एका बड्या गिऱ्हाइकाने आमच्याकडे दिलाय. मी त्याचा प्रमुख! माझं मत विचारशील तर साधं आहे. देशाची वाढ हातांनी होते, आणि फुकट दिलं की हात थांबतात. पण मत आणि पुरावा वेगळे, म्हणून सोबत चाळीस फॉर्म पाठवतोय. तुमच्या गल्लीतल्या बायकांकडून भरून घेशील का? तीनच प्रश्न आहेत. कोणत्या आस्थापनेत काम करता, तिथला तुमचा क्रमांक काय, आठवड्याला किती तास.

थांबतो, जेवायची वेळ झाली. आमच्याकडे नाश्ता, जेवण, कॉफी, घरी सोडायला गाडी, सगळं कंपनीचं असतं. त्यामुळे डोकं कामात राहतं.

तुझा,
सुशांत

---

चामराजपेट
२२ जानेवारी २०२५

चि. सुशांत यास मावशीचे आशीर्वाद.

पत्र द्यायला आलेल्या पोस्टमनने मला दोनदा विचारलं, अक्का, कोर्टाचं काही आहे का? मी म्हटलं, नाही हो, भाच्याला चटई पाहिजे आहे. चटईसाठी का होईना, मावशी आठवली. सरी, बरं झालं.

फॉर्म भरले. सकाळी माझ्याकडे चौदा जणी असतातच, बाकीच्या गल्लीतल्या धरून आणल्या. सगळ्यांचे हात पिठात, म्हणून प्रश्न मीच वाचले आणि उत्तरंही मीच लिहिली. कागदांना पीठ लागलंय, स्वल्प झटकून घे.

'कोणत्या आस्थापनेत काम करता' म्हटल्यावर सगळ्या एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. गंगव्वा म्हणाली, काही नाही म्हणून लिही अक्का, घरीच असते. मग हेमलताही तेच. सोयराबाईचा कणीक मळून मळून खांदा धरलाय, रात्री हात वर होत नाही, तीही म्हणाली, काही नाही, घरीच असते. मी माझ्या फॉर्मवरही तेच लिहिलं. तास विचारले होतेस, तिथं शून्य.

आमच्यात बाहेरच्या माणसाला असंच सांगायचं असतं बाबा. पाहुणा विचारो, बँकेतला विचारो, नाहीतर शाळेतल्या बाई. बाई काम करते म्हटलं की नवऱ्याचं नाव जातं. आणि कागदावर काम लिहिलं आणि महिन्याचे पैसे बंद झाले, तर कुणाकडे जायचं?

तसं सकाळी आमचं आपलं चाललेलं असतं. गंगव्वा नायंडहळ्ळीहून पहिल्या बसने येते. आधी बसला पैसे पडायचे तेव्हा निम्मी मजुरी तिकिटातच जायची, म्हणून कुणी यायला तयार नसायचं. बस फुकट झाली आणि माझ्या घरात चौदा लाटणी आली. साडेनऊला महांतेश टेम्पो घेऊन येतो, निळ्या झाकणांचे डबे भरतो आणि हजारभर चपात्या कुठल्याशा कंपनीला घेऊन जातो. महांतेश म्हणजे जेवण पुरवायचा ठेका घेतो तो, गदगकडचा.

जितेंद्रचं टुमणं चालूच आहे. आई, एकटी कशाला राहतेस, हुबळीला ये. पोटचा लेक आहे, सूनही गुणाची. पण त्यांच्या घरात कणकेचा डबा कुठं आहे ते मला विचारावं लागतं. तुझे काका गेल्यापासून या घराचं भाडं चपात्या भरतात. चपात्या आहेत तोवर माझं चामराजपेट आहे. त्या गेल्या की मी हुबळीला टीव्हीच्या मागच्या खोलीत.

पॉइंट मिळाले का ते कळव.

तुझी मावशी,
महानंदा

---

बेळ्ळंदूर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

तू कमाल केलीस! चाळीस बायका आणि कामाचे तास शून्य. इतका स्वच्छ निकाल आमच्या कंपनीच्या इतिहासात कुणी पाहिला नव्हता. आलेख काढायला गेलो तर रेघ तळाला अशी चिकटली की अजित सर म्हणाले, छापताना जाड करा, दिसत नाहीये. अजित सर म्हणजे आमचे मुख्य. अहवालाचं नाव 'फुकटाची किंमत'. परवा एका मोठ्या हॉटेलात प्रकाशन झालं, मला बढती मिळाली.

तुझ्या पत्रात चपात्यांबद्दल होतं, ते वाचलं. पण ते पत्रात होतं, फॉर्ममध्ये नव्हतं. पत्र आमच्या शास्त्रात पुरावा म्हणून धरत नाहीत, ती कौटुंबिक माहिती होते. आणि तुम्ही आस्थापनाच नाही म्हटल्यावर मी काय करणार?

जितेंद्रदादाचं मला पटतं. एका माणसासाठी अख्खं घर भाड्याने घेणं ही साधनांची उधळपट्टी आहे. जा हुबळीला, आराम कर.

बाकी ठीक. इथल्या जेवणाचा दर्जा मात्र घसरतोय. पोळ्या चांगल्या येतात, चार पदरी, मऊ. फलकावर त्यांचं नाव 'हस्तनिर्मित चौपदरी रोटी' असं लिहितात. पण ढिगाच्या तळाशी दर वेळी एक पुरीएवढी पोळी निघते, मध्ये बोट दाबल्यासारखा खळगा आणि त्यात तूप. परवा माझ्याच ताटात आली. प्रमाणित आकार नाही म्हणून मी ॲपवर तक्रार टाकली. त्याचे वीस पॉइंट मिळाले. आता चटई दूर नाही.

तुझा,
सुशांत

---

चामराजपेट
२७ फेब्रुवारी २०२५

सुशांत,

आशीर्वाद नंतर देते, आधी ऐक.

तुमच्या जेवणाच्या डब्यांची झाकणं निळी असतात का, बघ. असतात. मी महांतेशला विचारलं. गेल्या आठवड्यात तो इथं डोक्याला हात लावून बसला होता. कुणा साहेबाने तक्रार केली, लहान चपाती निघाली, एका दिवसाचा पैसा कापला. चौदा जणींचा एक दिवस. कोण मेला हा साहेब म्हणून सोयराबाईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात मी पण दोन शब्द घातले. आता कळतंय, ते माझ्याच बहिणीच्या घरात जाऊन पडले!

ती लहान चपाती आठवत नाही तुला? निपाणीला आमची आई शेवटच्या उरलेल्या कणकेची लाटायची. मध्ये अंगठा दाबायचा, थेंबभर तूप सोडायचं, आणि ती घरातल्या सगळ्यात धाकट्याची. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या भावंडांत धाकटा तू. ताटावर बसून 'माझी अंगठ्याची' म्हणून भोकाड पसरायचास. मी अजून प्रत्येक डब्याच्या तळाशी एक घालते. आमच्या चपात्या खाणारं कुणीतरी कुणाचं धाकटं असेलच की, म्हणून. ती शेवटी धाकट्याच्याच ताटात गेली आणि धाकट्याने तक्रार केली.

मला राग आलाय सुशांत, खूप आलाय. पहाटे उठून आम्ही लाटायचं, तू दुपारी खायचं, आणि तोंड पुसून लिहायचं की या बायकांचे हात थांबले. आम्ही फॉर्मवर खोटं लिहिलं, मान्य. आमची सवय ती. पण तुला तर मी पत्रात खरं लिहिलं होतं. एवढं शिकलास, मावशीवर विश्वास ठेवायला कागदावर शिक्का लागतो का रे?

तो अहवाल दुरुस्त कर. त्यातून उद्या कुणी बस बंद केली तर गंगव्वा येणार कशी? आणि बायका येणार नसतील तर मी एकटी हजार चपात्या लाटू का?

महानंदा

---

बेळ्ळंदूर
१९ मार्च २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून खाली जेवणघरात गेलो. झाकणं निळी आहेत. त्या दिवशी तळाची चपाती मी घेतली आणि कोपऱ्यात बसून खाल्ली. आठवलं सगळं. तोंड दाखवायला जागा नाही मला.

दुरुस्तीचं म्हणशील तर अहवाल छापून झालाय. एक तळटीप घालता येईल का, हे बघायला समिती नेमलीय.

एक वेगळीच गोष्ट झाली, ती तुला माझ्याकडूनच कळावी. बसचं काही झालेलं नाही. सरकारने आमचा अहवाल उघडलासुद्धा नसावा. पण अजित सरांनी तो वाचला. सबंध वाचला. परवा सगळ्यांना बोलावून म्हणाले, जे चामराजपेटला लागू ते बेळ्ळंदूरला का नको? फुकट दिल्याने हात थांबतात हे आपणच सिद्ध केलंय, आणि आपण चारशे लोकांना रोज फुकट जेवू घालतोय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सर विनोद करतायत. एक एप्रिलपासून जेवण बंद, गाडी बंद, कॉफी विकत. म्हणजे महांतेशचा ठेकाही.

मी सभेत उठून बोललो. म्हटलं, या चपात्यांच्या मागे माणसं आहेत, त्यांचं घरभाडं आहे. बरंच बोललो. पण सरांचं ठरलेलं होतं.

माझ्यावर फार रागावू नकोस.

तुझा,
सुशांत

---

चामराजपेट
९ एप्रिल २०२५

चि. सुशांत,

युगादीचा पाडवा झाला आणि एक तारखेपासून महांतेशचा टेम्पो यायचा बंद झाला. दुसरीकडे कुठं मिळतंय का ते तो बघतोय, पण त्याच्याकडे तुमची एकच मोठी कंपनी होती. पहिले दोन दिवस बायका आल्याच. सवय. बसल्या, चहा प्यायल्या, आणि दहाला आपापल्या बसने गेल्या. आता येत नाहीत. तुझा फॉर्म आता आणलास तर अगदी खरा भरून देईन. काही नाही, घरीच असते.

सभेत तू बरंच बोललास म्हणून लिहिलंस. त्या सभेत महांतेश मागे ताटं मांडत होता. मी त्याला कौतुकाने विचारलं, माझा भाचा काय काय बोलला रे? तो बिचारा खाली बघायला लागला. मग म्हणाला, अक्का, तुमचा भाचा पाणी पीत होता.

मी रडले. चपात्या गेल्या म्हणून नव्हे, ते तर पोटाचं दुखणं, कुठंतरी भागतं. तू बोलला नाहीस हेही मी समजू शकते, नोकरी आहे, भीती असते माणसाला. पण न बोलता बोललो म्हणून मला कशाला लिहिलंस? मी काय तुझं ॲप आहे?

जितेंद्र एकवीस मे रोजी टेम्पो घेऊन येतोय. घरमालकाला सांगून टाकलंय. चाळीस वर्षांचं सामान किती निघालं म्हणून बघायला गेले तर निम्मी तर लाटणीच आहेत, बायका इथंच ठेवून गेल्यात. घेऊन जायला कुणी येत नाही.

पॉइंटसाठी लिहिणार असशील तर आता लिहू नकोस.

महानंदा

---

कोरमंगला
१० मे २०२५

मावशी,

या पत्राचा फोटो काढलेला नाही. फोटो टाकायला ॲपही राहिलं नाही.

पाणी पीत होतो, हे खरं. ग्लास रिकामा झाल्यावरही पीत होतो.

दोन तारखेला मला कामावरून काढलं. कंपनीची वाढ यंदा एक तृतीयांश झाली, आणि ती अशीच व्हावी म्हणून माणसं कमी केली. आलेल्या मेलच्या पहिल्या परिच्छेदात ही आनंदाची बातमी होती, मी दुसऱ्या परिच्छेदात होतो. जेवण बंद झाल्यापासून सगळे दुपारी रस्त्याकडेला खायला शोधत दीड दीड तास हिंडायचे. त्यावरून कामाचे तास घटले असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष काढायची ती पद्धत मीच बसवली होती. माझे अहवाल आता एक सॉफ्टवेअर लिहितं, त्याला जेवण लागत नाही. चटई मात्र निघताना हातात दिली.

गेले आठ दिवस पीजीतल्या खोलीत बसून आहे. आईला सांगितलं नाही. काल तिचा फोन आला, काय करतोयस म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, रूमवरच आहे. बोलून झालं आणि फोन हातात धरून तसाच बसलो. तुमच्या त्या चाळीस फॉर्मांवरही हेच होतं, आणि मी त्याचा अर्थ काय लावला!

मावशी, एक विचारू? त्या इमारतीतले लोक अजून भुकेले आहेत. नोकरी गेली तरी त्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. एकेकाला विचारलं. आमच्या मजल्यावरचे ऐंशी जण तयार झाले, विकत घेऊन खातील म्हणाले. महांतेशला भेटलो, तो भाजी द्यायला तयार आहे. डबे मी पोचवीन. किती दिवस टिकेल माहीत नाही, आणि या खेपेला माझ्याकडे आलेख नाही. पण जितेंद्रदादाचा टेम्पो महिनाभर पुढे ढकलता येईल का? आणि मी तिकडे राहायला येऊ का? इथली खोली मला परवडणार नाही.

नाही म्हणालीस तरी बरोबरच असेल.

सुशांत

---

चामराजपेट
१५ मे २०२५

चि. सुशांत यास अनेक आशीर्वाद.

ये. चटई घेऊन ये, झोपायला लागेल.

पाच वाजता उठावं लागेल. कणीक मळायला सोयराबाई शिकवेल, ती शिव्या देईल त्या ऐकून घ्यायच्या, तुझ्याच आहेत. घरमालकाला मी महिना मागून घेतलाय. जितेंद्रला सांगितलं तर फुरंगटून बसलाय, टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय म्हणतो. त्याला म्हटलं, येऊन जेवून जा.

आईला खरं सांगून मगच ये. माझ्या घरात खोटं बोलायचं ते फक्त फॉर्मवर.

मावशी

---

चामराजपेट
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,

हुबळीला सुखरूप पोचल्याचं जितेंद्रदादाने कळवलं. नातवाचा वाढदिवस होऊन जाऊ दे, पण आठ दिवस म्हणून गेलीस ते आठच दिवसांत ये. दादा म्हणाला, आई येतानाच परत यायच्या बसची वेळ विचारून आली. त्याला राग आला असेल तर येताना त्याच्यासाठी चार चपात्या लाटून ठेव.

इथलं सगळं ठीक. चौदातल्या आठ जणी येतात. सोयराबाई तुझ्या जागी बसून हुकूम सोडते. तिने काल माझी कणीक बघून अय्यो देवा म्हटलं, पण परत मळायला लावली नाही, म्हणजे सुधारणा आहे. ऐंशीचे दोनशे डबे झालेत. या महिन्याचं भाडं भरलं, तीन दिवस उशिरा. महांतेशच्या टेम्पोत न मावलेले डबे आम्ही बसने नेतो; बसमध्ये हेमलता दोन डबे घेऊन ऐटीत फुकट बसते आणि मी एक डबा घेऊन तिकीट काढून उभा असतो. कंडक्टर रोज हसतो. पूर्वी मी या विषयावर पानंच्या पानं लिहिली असती, आता स्वल्प सरका म्हणतो आणि डबा सांभाळतो.

आता मुख्य गोष्ट. काल सकाळी सौम्या नावाची एक मुलगी दारात आली. गळ्यात समृद्धीमेट्रिक्सचं ओळखपत्र. नवीन लागलीय, तिने मला ओळखलं नाही. शिकलेली तरुण मुलं कामापासून दूर का पळतात, असा अभ्यास आहे म्हणे. माझे हात कोपरापर्यंत पिठात. म्हटलं, तुम्हीच वाचा आणि तुम्हीच लिहा.

मावशी, फॉर्म माझाच होता. तेच तीन प्रश्न, वरची चौकटही मीच आखलेली. कोणत्या आस्थापनेत काम करता? मी तोंड उघडलं. तिला सगळं सांगणार होतो. तुझं, गंगव्वाच्या पहिल्या बसचं, दोनशे डब्यांचं. पण आस्थापनेचं नाव लिहायला रेघ होती केवढीशी, आणि पुढे क्रमांक मागितलेला. चपातीला जागा कुठेच नव्हती. ती मी ठेवलीच नव्हती. मागे आठही जणींची लाटणी थांबली होती, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, काही नाही, घरीच असतो.

सोयराबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. सौम्याने शून्य लिहिलं, बिचारीचा चेहरा पडला होता. माझ्यासारख्या शिकलेल्या मुलाची तिला खरंच काळजी वाटत असावी. जायला निघाली तेव्हा तव्यावर शेवटची होती. मी अंगठा दाबला, तूप सोडलं आणि तिच्या हातावर ठेवली. दारातच उभ्या उभ्या खाल्ली तिने. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणाली, हल्ली कंपनीत जेवण मिळत नाही. मग पिशवी खांद्याला लावून पुढच्या घरी विचारायला गेली.

तुझा धाकटा,
सुशांत